लॉजवर उतरलेली गिटार

वेळ संध्याकाळी सहाची. वार रविवार. स्थळ मांडवी, तात्या लेल्यांच्या घराची पडवी. हजर असलेले : पेटीवर तात्या, तबल्यावर दिन्या साळवी, गायला सुमनताई आणि कोपऱ्यात गिटार घेऊन मी.

असा पंचनामा मांडायची सवय बातमीदारीतली. मुंबईच्या एका दैनिकाचा रत्नागिरीचा वार्ताहर म्हणून मी हयात घालवली. सभा, मोर्चे, बोटी, आंबे यांवर जे लिहिलं ते सगळं रद्दीत गेलं. ऐंशीच्या दशकात त्या पडवीत जे घडलं त्यातलं जवळजवळ काहीच छापून आलं नाही, म्हणूनच बहुधा ते साठत गेलं. आता चार मित्र जमले की एकच किस्सा सांगायचा म्हणून मी सुरू करतो, आणि मागचे त्याला ढकलत बाहेर येतात.

आधी भांडण काय होतं ते सांगतो. तात्या म्हणजे शाळेतून रिटायर झालेले संगीताचे मास्तर आणि आमच्या संगीत मंडळाचे अध्यक्ष. मंडळाचा गुढीपाडव्याला कार्यक्रम होई. त्यात मला दहा मिनिटं एकट्याने गिटार वाजवायची होती. तात्यांचं म्हणणं, त्या स्टेजवर गिटार चढणार नाही. मी तीन ओळींच्या बातमीसाठी सरकारी कचेरीत दुपारभर भांडणारा माणूस. दहा मिनिटांसाठी काय केलं असेल, तुम्हीच कल्पना करा.

*

गिटार पहिल्यांदा नेली तेव्हा तात्यांनी ती हातात घेतली नाही. फणस तयार झालाय का बघायला मारतात तशी तिला एक टिचकी मारली.

"आत पोकळ आहे," ते म्हणाले.

"तबलासुद्धा पोकळच असतो, तात्या."

"माझ्या पोटावर पाय आणू नकोस भाऊ," दिन्या म्हणाला.

तात्यांनी आणखी वाकून पाहिलं. "याला पडदे आहेत."

"सतारीलाही असतात."

"सतारीच्या पडद्यामागे घराणं असतं. याच्या पडद्यामागे कोण आहे?"

मग मी ठेवणीतला मुद्दा काढला. पेटी तरी इथली कुठे आहे? तीही साहेबाबरोबरच बोटीतून उतरली. मला वाटलं, संपला वाद. तात्यांनी पेटीवरची धूळ पंचाने पुसली आणि शांतपणे म्हणाले, "उतरली असेल. पण तिने इथे घर बांधलं. तुझी गिटार अजून लॉजवर आहे."

*

सुमनताई शाळेत भूगोल शिकवत आणि काळी चारमध्ये गात. आमच्याकडे गाणाऱ्याचा मूळ सूर, म्हणजे त्याची पट्टी, पेटीच्या काळ्या-पांढऱ्या सुरांवरून सांगतात. मला गिटारवर बोटं ठेवायच्या मोजून पाच-सहा ठरावीक जागा येत होत्या आणि त्यातली एकही काळी चारला जुळत नव्हती.

"भाऊ, काळी चार द्या ना," सुमनताई म्हणाल्या.

"माझ्या वाद्यात काळं-पांढरं काही नाही हो. सगळं एका रंगाचं."

तात्यांना एवढंच हवं होतं. "ऐकलंत? याच्या वाद्याला पट्टीच नाही. आणि याला स्टेज पाहिजे."

पुढच्या रविवारी दिन्या आला तो खिशातून सहा इंची लाकडी फूटपट्टी काढून. दिन्या एस.टी. डेपोत मेकॅनिक. शाळकरी पोरांकडे असते तसली पट्टी, आणि ती बांधायला टायरच्या ट्यूबची एक लांब चिंधी.

"घे. तुझ्याकडे पट्टी नव्हती ना?"

सगळे हसले. मला राग आला, आणि राग आला की मी समोरचा विनोद गंभीरपणे घेतो. ती फूटपट्टी मी गिटारच्या मानेवर पहिल्या पडद्यापाशी आडवी ठेवली, ट्यूबने करकचून बांधली आणि नेहमीचीच एक जागा वाजवली. बरोब्बर काळी चार. सुमनताईंनी लगेच सूर लावला आणि गाऊ लागल्या.

तात्यांनी पेटीवर तो सूर एकदा दाबून पाहिला. पुन्हा दाबून पाहिला. मग म्हणाले, "रबराचा वास येतोय."

सुराबद्दल अवाक्षर नाही. मी ते मान्यता म्हणून नोंदवून घेतलं. या कामासाठी एक खास चिमटा मिळतो हे मला पुष्कळ वर्षांनी मुंबईच्या दुकानात कळलं. दुकानदाराला मी सांगितलं, आमच्याकडे याला फूटपट्टी म्हणतात.

*

मांडवीची हवा खारी. दाराच्या बिजागऱ्या गंजतात, तिथे गिटारच्या तारांची काय कथा. एका श्रावणात सगळ्यात बारीक, पहिली तार तुटली. रत्नागिरीत सतारीची तार मिळे, गिटारची नाही.

तेव्हा मी बातम्या तारेनं पाठवत असे. तार ऑफिसात गेलो, त्या दिवशीच्या बातमीची तार केली आणि दैनिकात उपसंपादक असलेल्या एका मित्रासाठी शेवटी चार शब्द जोडले : "तार तुटली तातडीने पाठव."

मित्राची त्या दिवशी रजा होती. दुसऱ्या दिवशी अंकात चौकट आली : 'रत्नागिरीत तार तुटली, तातडीने मदत पाठवण्याची मागणी'. खाली, 'आमच्या वार्ताहराकडून'.

संध्याकाळी विजेच्या कार्यालयातले साहेब दारात. हातात अंकाची सुरळी.

"कुठली तार?"

"पहिली."

"कुठल्या खांबावरची पहिली? माझी माणसं सकाळपासून माना वर करून फिरतायत."

मी आतून गिटार आणून दाखवली. साहेबांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. "यात करंट असतो?"

"आमचे अध्यक्ष नाही म्हणतात."

साहेब हसले नाहीत. खुलासा मागितला. मी आयुष्यभर दुसऱ्यांकडून खुलासे मागत आलो, माझ्याकडे कुणी मागितला की मला तो अन्याय वाटतो. तरी पाठवला. छापून आलं : 'तुटलेली तार विजेची नव्हती.' मग कशाची, ते छापलंच नाही. पुढे कित्येक दिवस बाजारात माणसं मला थांबवून विचारत, "टेलिफोनची काय हो?"

तार शेवटी दिन्याने डेपोतल्या एका ड्रायव्हरकरवी मुंबईहून मागवली. तात्या म्हणाले, "वाजायच्या आधी दोनदा पेपरात आलेलं वाद्य मी प्रथमच बघतोय."

*

माझा तगादा थांबेना, तेव्हा तात्यांनी परीक्षा ठेवली. संगमेश्वरला एका देवळात मंडळाचं भजन होतं. "तिथे शेवटी वाजव. माणसं उठून गेली नाहीत, तर पाडव्याचं बघू."

मी वाजवलं. एक माणूस उठला नाही. परतताना गाडीत मी विजयी चेहऱ्याने बसलो होतो.

"ती तुझ्यासाठी बसली नव्हती," तात्या म्हणाले. "त्यांच्या गावची एस.टी. यायची होती."

"अट बसण्याची होती तात्या. कशासाठी बसायचं, ते ठरलं नव्हतं."

"वार्ताहर आहेस की वकील?"

"आणि एका आजोबांनी दादही दिली."

हे मी बोलायला नको होतं. कारण दिन्या त्या आजोबांच्या शेजारीच बसला होता. त्याने त्यांची दाद जशीच्या तशी ऐकवली : "वायट नव्हता वो. पन तो मानूस मगापासना खाजवताय कशाला, ता काय कळला नाय."

तात्या हातखंब्याच्या फाट्यापर्यंत हसत होते. उतरताना मात्र म्हणाले, "ठीक आहे. पाडव्याला बस. पण एकटा म्हणालास ना, तर एकटाच. तबला नाही, पेटी नाही. उघडा पडलास तर माझ्याकडे बघायचं नाही."

मी म्हटलं, माझी मागणी शब्दशः हीच होती.

*

पाडव्याची संध्याकाळ. वाचनालयाचा हॉल भरलेला. आधी सुमनताईंचं गाणं झालं. मग दिन्या तबला घेऊन खाली उतरला, तात्यांनी पेटीचा भाता मिटून कडी लावली, पेटी विंगेत सरकवली आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले. हाताची घडी, चष्मा नाकावर.

मी भूप सुरू केला. पडवीत जी गिटार घर भरून टाकायची, तिचा आवाज त्या हॉलमध्ये तिसऱ्या रांगेपर्यंतसुद्धा पोचेना. वर पंखा कुरकुरत होता, तो माझ्यापेक्षा सुरात वाटत होता. कुणीतरी खोकलं. एक खुर्ची सरकली. मागे दोघं आंब्याच्या मोहोराबद्दल बोलू लागले, ते मला स्पष्ट ऐकू येत होतं, म्हणजे माझं त्यांना येत नव्हतं. इतक्या वर्षांचं भांडण आता इथेच, मीच, हरणार असं दिसत होतं. तात्यांकडे बघायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून मी डोळे मिटून घेतले.

आणि मग आवाज भरला. कसा ते सांगता येत नाही. माझ्या सुरांना खाली काहीतरी टेकायला मिळालं, एक संथ, न तुटणारा षड्ज. मला वाटलं भीती गेली, बोटं मोकळी झाली. मोहोराची चर्चा थांबली. मी दहाच्या जागी चांगली वीस मिनिटं वाजवली असतील.

टाळ्या झाल्या तेव्हा डोळे उघडले. मागून कुणी "पुन्हा एकदा" म्हणालं. दिन्या खिडकीशी उभा राहून टाळ्या वाजवत होता. सुमनताई पहिल्या रांगेत, त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी.

आमचे डॉक्टर वर येऊन म्हणाले, "गिटारचा आवाज इतका भरीव असतो, कल्पना नव्हती हो."

तात्या मागच्या दाराने आले, लेंगा झटकत.

"कुठे होतात?" मी विचारलं.

"पान खायला गेलो होतो. झालं का तुझं?"

"ऐकलं नाहीत?"

"नाक्यावर काय ऐकू येणार? पण लोक बरं म्हणतायत. चला, लॉज सोडलंन म्हणायचं."

त्यांचे ओठ कोरडे होते, आणि पानाचा लाल रंग कुठेच नव्हता. पुढे कितीतरी वर्षं मी त्यांना विचारत राहिलो, आणि प्रत्येक वेळी मला त्या पानात काय काय घातलं होतं तेच ऐकावं लागलं. सुमनताई म्हणतात, त्या समोर बघत होत्या. दिन्या म्हणतो, त्याला तबल्यातलं विचारा.

मी सामान आवरायला विंगेत गेलो. पेटीची कडी निघालेली होती, आणि भाता उघडा होता.