एकोणीस अडीच

गोवर्धनच्या संशयाला औषध नव्हतं. बायकोनं, माणिकबाईनं, एखाद्या दिवशी भाजी बरी केली तरी हा विचारणार, "आज काहून बरं?" दूधवाला उशिरा आला तर दुधात पाणी घालत बसला असणार, आणि वेळेवर आला तर पाणी आदल्या रात्रीच घालून ठेवलं असणार. अशा माणसाला मूर्तिजापूरच्या एका धान्य-गोदामात कारकुनी मिळाली, म्हणजे आंधळा मागतो एक डोळा अन् देव देतो दोन. दिवसभर संशय घ्यायचा आणि महिन्याला त्याचाच पगार उचलायचा.

सन अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात त्याची नजर डोमाजीवर बसली. डोमाजी तिथला हमाल. वीस वर्षं पोती वाहून त्याचा उजवा गुडघा पार कामातून गेला होता. पण बैलगाडी रिकामी झाली, की गोवर्धनची पेन्सिल कागदाला लागायच्या आत हा सांगून मोकळा, "सतरा पोते, साडेबेचाळीस मण." एकेक पोतं अडीच मणाचं, म्हणून गुणायचं अडीचनं. गोवर्धन मागून मनात पाढा म्हणून पाहायचा, तर उत्तर तेच निघायचं. शाळेची पायरी न चढलेला, सहीच्या जागी अंगठा उठवणारा माणूस, आणि ही हुशारी? डाळीत काहीतरी काळं होतंच. त्यातून दोन वर्षांपूर्वी बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून डोमाजी मान वर करून बोलायचा, आणि तेही गोवर्धनच्या डोळ्यांत सलायचं.

तेवढ्यात म्हातारा मापारी बुधाजी काम सोडणार अशी बातमी आली. मापाऱ्यानं काट्यापाशी बसायचं, वजन पुकारायचं, पोतं उचलायचं नाही. गोदामाचे मोठे साहेब महादेवराव म्हणाले, "गोवर्धन, डोमाजीले बसवावं म्हणतो. तू हो म्हण, पहिल्या तारखेपासून बसवू." म्हणजे सगळं येऊन अडलं गोवर्धनच्या हो म्हणण्यावर. हो म्हटलं तर डोमाजीचा गुडघा सुटला. नाही म्हटलं तर त्याच गुडघ्यावर आणखी एखादा हंगाम, आणि मग कायमचं घरी.

गोवर्धन म्हणाला, "पाहतो."

त्यानं पाहायला सुरुवात केली. डोमाजी सांगताना ओठ हलवतो, हे त्यानं टिपलं. मंत्र-बिंत्र असेल का? मग वाटलं, आपली वही चोरून पाहत असेल. वही टेबलाच्या खणात ठेवून त्यानं कुलूप लावलं. लगेच तेरा पोती आली. "साडेबत्तीस," डोमाजी म्हणाला. सत्तावीस आली. "साडेसदुसष्ट." गोवर्धनची झोप उडाली. माणूस चुकतच नाही म्हणजे काय!

आणि एका दुपारी तो चुकला. एकोणीस पोती उतरली. डोमाजी म्हणाला, "साडेअठ्ठेचाळीस मण." गोवर्धननंही वहीत साडेअठ्ठेचाळीसच लिहिलं होतं; आज त्यानं गाडी रिकामी व्हायच्या आधीच पोती मोजून हिशेब मांडला होता आणि वही खणात ठेवली होती. महादेवराव तिथंच उभे होते. ते म्हणाले, "अरे, वीस पोत्यांचे पन्नास. त्यातून अडीच काढ. साडेसत्तेचाळीस होते."

दुसरा कोणी असता तर जीभ चावून खोडून मोकळा झाला असता. गोवर्धनला मात्र घबाड सापडलं. दोघांचं बरोबर उत्तर सारखं यावं यात नवल नाही, पण चूक सारखी? नक्कल केल्याशिवाय चूक सारखी येते कुठं? तो म्हणाला, "साहेब, माह्या हातून घाईत चुकलं. पण माही चूक याच्या तोंडी कशी आली? हा वही पाहते. खणाच्या कुलपाची दुसरी किल्ली आहे याच्यापाशी."

वहीला हात लावणाऱ्याला गोदामात जागा नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. महादेवरावांचा चेहरा उतरला. "काय रे डोमाजी?"

"मी वही पाह्यली नाई, साहेब. मले वाचता कुठं येते? मले अडीचकीचा पाढा येते."

"म्हणून दाखव."

डोमाजीनं डोळे मिटले. "एक अडीच अडीच, दोन अडीच पाच, तीन अडीच साडेसात..." दहाशी आवाज चढला, बाराशी उतरला. पंधराशी तो थांबला. चांगला दोन श्वास थांबला, आणि मग पुढं निघाला.

ही चाल गोवर्धनची स्वतःची होती. लहानपणी अंजनगाव सुर्जीच्या शाळेत त्याचे गुरुजी पंधराशी तपकीर ओढायचे, आणि तेवढा वेळ सगळा वर्ग गप्प बसायचा. या हमालाला तपकिरीचं काय ठाऊक? पण थांबला बरोबर तेवढाच. पाढा काही आकड्यांनी डोक्यात बसत नाही हो, चालीनं बसतो. अठरा अडीच म्हटलं की कोणी बेरीज करत नाही, जीभच आपली पुढं जाते. गोवर्धनचीही निघाली. "एकोणीस अडीच," डोमाजी म्हणाला, आणि दोघांच्या तोंडून एकदमच आलं, "साडेअठ्ठेचाळीस."

महादेवराव एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहत राहिले.

"कुठं शिकला?" गोवर्धननं विचारलं.

"अंजनगावात. शाळेच्या मागं शेळ्या चारत होतो. भिंतीच्या पलीकडून आयकू ये."

आता कबूल करावं, तर इतक्या वर्षांच्या वह्यांत जिथं जिथं एकोणीस पोती असतील, तिथं तिथं साहेब बोट ठेवणार. गप्प बसावं, तर डोमाजी गेला. गोवर्धन भ्याला, चांगलाच भ्याला. पण इतका वेळ ज्याला चोर म्हटलं, त्याच्या तोंडून आपलेच गुरुजी बोलत होते, आणि ते ऐकून गप्प बसणं त्याला जमलं नाही.

"साहेब," तो म्हणाला, "यानं वही पाह्यली नाई. आमच्या गुरुजींचीच चूक आहे ही. मी वर्गात बसून शिकलो, हा बाहेर उभा राहून. काट्यावर यालेच बसवा."

"अन् तुह्या वह्या?"

"पहिल्यापासून तपासून देतो."

पहिल्या तारखेला डोमाजी काट्यापाशी बसला. दुपारी भाकर खाताना गोवर्धन त्याच्याजवळ गेला. मनातला किडा काही गप्प बसेना. "डोमाजी, तू अंजनगावचा, मी अंजनगावचा. इतके दिवस बोलला काहून नाई?"

डोमाजीनं घास संपवला. "मी तुमाले पहिल्याच दिवशी वळखलं होतं, बाबूजी. शाळेच्या खिडकीतून मले गोटा मारला होता तुमी. 'हा आपले पाढे चोरून राह्यला' म्हणून वरडले होते."

गोवर्धनला ते आठवत नव्हतं. पण डोमाजी खोटं बोलतो आहे, असं त्याला एकदाही वाटलं नाही.