मालकांचा अंगठा

आमच्या स्टुडिओचे मालक कुणासाठीही खुर्चीतून उठत नसत. नवरीचा बाप येवो की साखर कारखान्याचा संचालक, ते बसल्या जागेवरून ओरडत, "या पावणं, मला उठता येत न्हाय!" लोकांना वाटे, माणसाला मस्ती आली आहे. खरं म्हणजे त्यांचा अंगठा अडकलेला असे.

कसबा बावड्यातल्या त्या स्टुडिओत मी अल्बम जुळवायचे. रोलचे दिवस संपले, डिजिटल कॅमेरा आला आणि जुन्या डार्करूममध्ये कॉम्प्युटर बसला. त्यातली जागा भरली तेव्हा मालकांनी बाहेरून जोडायची हार्डडिस्क आणली. कॅमेऱ्यातली कार्डं पुढच्या लग्नासाठी पुसून टाकायची आमची पद्धत. त्यामुळे अख्ख्या मोसमाची लग्नं फक्त त्या काळ्या डबीत होती, आणि नेमकी तिचीच पिन सैल झाली. अ‍ॅडाप्टरची वायर अंगठ्याने एका अंगाला दाबून धरली तर डिस्क फिरायची. अंगठा ढळला की टक्‌ करून बंद.

मी नवा अ‍ॅडाप्टर लावून पाहिला, कॉम्प्युटरची वायर बदलून पाहिली. दोष डबीतच होता. दुरुस्तीवाल्याचं नाव काढलं की मालक खेकसत, "डबी उघडली आन्‌ लग्नं गेली तर? वऱ्हाड माझ्या दारात येऊन बसंल की!" एवढा धिप्पाड, गावभर हिंडणारा माणूस, बिनखिडकीच्या खोलीत स्वतःला डांबून घेऊन बसला होता. उजवा हात वायरीवर, म्हणून भाकरीसुद्धा डाव्या हाताने. मला हसू यायचं आणि रागही यायचा.

अशातच गडहिंग्लजहून त्यांच्या धाकट्या भावाचा फोन आला. आईने अंथरूण धरलं होतं, थोरल्याला बोलवा म्हणत होती. मालक म्हणाले, "एवढं एक लग्न डीव्हीडीवर उतरू दे, आलोच." एक उतरलं की दुसरं. पुन्हा फोन.

"द्या, मी धरते," मी म्हणाले.

"न्हाय ताई, तुमचा हात हलतोय."

डोळे भरून आलेले, तरी माणूस जागचा हलेना. मला त्यांची चीड आली आणि फार दयाही आली.

मग भारनियमनाची वेळ झाली. लाईट गेली, पंखा थांबला, डिस्क थांबली. मालक अंधारात वायर दाबून तसेच बसलेले.

"मालक, लाईट गेलीया. सोडा की आता!"

"आन्‌ आली तर?"

मी दार सताड उघडलं, त्यांचा हात धरून ओढला आणि त्यांना गडहिंग्लजच्या एसटीत बसवून आले.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. "डिस्क बरी हाय न्हवं?"

"बरी हाय. तुमी आईजवळच ऱ्हावा," मी ठोकून दिलं. लाईट आल्यावर ती मुळी सुरूच झाली नव्हती. आईने आपल्या हातून पेज घेतली, हे सांगताना त्यांचा आवाज कधी नव्हे इतका मोकळा लागला. मी डबी सरळ दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्याने पिनेची जागा नवी बसवून दिली. लग्नं एकूण एक शाबूत होती.

आईचं दिवसकार्य उरकून मालक परतले. मी त्यांच्यासमोर डिस्क लावली, वायर मुद्दाम हलवून दाखवली. डिस्क फिरत राहिली. मालक खुर्चीत बसले आणि त्यांनी वायरीवर अंगठा टेकवला.

"मालक, आता धरायला लागत न्हाय. उठा, जरा बाहेर फिरून या."

त्यांनी वर पाहिलं नाही.

"आता उठून कुणाकडं जाऊ, ताई?"