निम्मं दूध

सदाशिव पेठेतल्या जनावरांच्या दवाखान्यात मी मांजर घेऊन जाते, तेव्हा बाकावर ते म्हातारे काका बहुतेक असतातच. नाव कधी विचारलं नाही, विचारलं असतं तर "कशाला हवंय?" असंच म्हणाले असते. माणसांशी बोलणं तेवढंच. त्यांच्या म्हाताऱ्या कुत्रीला मात्र ते अहो-जाहो करतात. "अहो, आपण जरा सरकता का? बाईंना बसायचंय."

गेल्या महिन्यात कुत्री सारखं पाणी प्यायला लागली, खाणं सुटलं. रक्त तपासलं तर कॅल्शियम फार वाढलेलं. किडनीवर ताण येतोय, असं सांगून डॉक्टरांनी विचारलं, "हिला घरी काही औषध देता का?"

"माझी व्हिटॅमिन डीची पुडी. दर रविवारी दुधात घालतो. निम्मं माझं, निम्मं यांचं. गुडघे दोघांचेही दुखतात."

"काका, माणसाचा डोस कुत्र्याला विषासारखा असतो. त्यानंच कॅल्शियम चढलंय."

सलाईन चालू होतं तोवर, बाक रिकामा असूनही, ते तिचा पंजा हातात धरून उभेच राहिले.

काल ती उठून बसलेली दिसली. मला बरं वाटलं. म्हटलं, "पुडी बंद केलीत ना?"

"दोघांचीही."

"तुमची कशाला? तुम्हाला तर डॉक्टरांनी दिलीय."

त्यांनी माझ्याकडे जरा रागानंच पाहिलं.

"एकट्यासाठी दूध कोण तापवत बसणार?"