विसावा ससा

काम्पेइने ताटली फोडली ती स्वतःच्याच लग्नात. साके अंमळ जास्त झाली आणि नवरदेव ताटली हातात घेऊन नाचायला उठला. जपानमधल्या इमारी गावामागच्या डोंगरातल्या त्या वाडीत पंगतीच्या वीस ताटल्या सगळ्या घरांच्या मिळून होत्या. दोनशे वर्षं जुन्या, पांढऱ्याशुभ्र, आणि प्रत्येकीवर निळ्या लाटांवरून धावणारा ससा. लग्न-बारसं निघालं की पेटी उघडायची, एरवी कुलूप. ज्याच्या हातून फुटेल त्याने स्वतः रंगवून, वाडीच्या भट्टीत भाजून, तशीच भरून द्यायची. विकतची चालत नसे. नमुना म्हणून जुनी घरी न्यायलाही मिळत नसे.

काम्पेइ भट्टीवर रंगकामच करायचा. लोक म्हणाले, वर्षभरात देईल. त्याला बावीस वर्षं झाली.

दर वसंतात भट्टी उघडली की तो नवी ताटली फडक्यात बांधून इसोनोआजीकडे जायचा. पेटीची किल्ली तिच्या कमरेला. ती एकोणीस ताटल्या चटईवर मांडायची, मधे याची ठेवायची आणि मान हलवायची.

"बसलाय रे तुझा ससा."

"आजी, पाय तर उचललेत त्याने."

"उचललेत की. मांजर चाटायला उचलतं तसे."

परत आलेल्या ताटल्यांत घरचं जेवण व्हायचं. बायको, किवा, म्हणायची, "अहो, आता मांडणीवर जागा नाही. पुढचा ससा जरा बारीक काढा." घरात हसायची, पण लग्नाच्या पंगतीत एकोणीस जणांपुढे ताटल्या आणि विसाव्याला लाकडी वाडगा, आणि तो विसावा कायम काम्पेइच, हे पाहिलं की तिची मान खाली जायची. "एकदा तुमच्यापुढे ताटली आलेली बघू दे," एवढंच तिने एकदा म्हटलं होतं.

बाविसाव्या हिवाळ्यात किवा तापाने गेली. एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी झाले. भट्टी उघडली तेव्हा तिच्या आजारपणाआधी रंगवलेली ताटली निघाली. काम्पेइ ती घेऊन गेला. न जाणं त्याला सुचलं नाही.

इसोनोआजीने मांडणी केली. मान हलवली नाही.

"झाली बाबा. ही चालेल."

काम्पेइ म्हणाला, "किवासाठी म्हणतेस ना?"

"मी चौऱ्याऐंशीची झाले. 'नाही' म्हणून म्हणून माझीच मान मोडायची वेळ आली." तिने डोळे पुसले. "ठेव म्हणते ना."

बावीस वर्षं तो ताटली ठेवली की आजीच्या तोंडाकडे बघत आला होता. आज तिथे बघवेना, म्हणून त्याची नजर खाली चटईवर गेली. जुन्या ताटल्यांत लाटेची रेघ सशाच्या पोटाखाली येता येता थांबत होती. पायाखाली केसाएवढी पांढरी जागा सुटली होती. म्हणजे त्या रंगवणाऱ्या जुन्या माणसाने आधी ससा पळवला आणि मग त्याच्या खालून पाणी ओढलं. भट्टीवर सगळे आधी लाटा काढायचे, काम उरकतं म्हणून. सशापुरती जागा राखायची आणि तिथे त्याला ठेवायचं. राखलेल्या जागेत ठेवलेला तो बसणारच.

काम्पेइने आपली ताटली उचलली.

"बसलाय," तो म्हणाला.

"अरे, मी घेतेय ना."

"तू घेशील आजी. पण हे एकोणीस ससे घेणार नाहीत." त्याने फडक्याला गाठ मारली.

"मग आता?"

"आता आधी ससा. लाटा मागून."

तो गेल्यावर इसोनोआजीने एकेक ताटली पेटीत लावली. विसाव्या जागेत ती दर वर्षी पेंढा कोंबायची, ताटल्या हलू नयेत म्हणून. या वर्षी तिने कोंबला नाही. जागा तशीच मोकळी ठेवून झाकण लावलं.