पाचारण एकट्याचं

सेमिनरीच्या, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजच्या, ग्रंथालयात ग्रीक अक्षरं गिरवत बसलो होतो, तेव्हा बायकोचा फोन आला. जिन्यात जाऊन उचलला. गाय व्याली होती. वासरू आडवं आलं होतं. डॉक्टर नारायणगावाहून वेळेत पोचले नाहीत, म्हणून तिनं आणि शेजारच्या काकांनी मिळून ते ओढून काढलं. वासरू जगलं. हे सांगताना बायकोला अजून धाप लागत होती.

"मी येऊ का?" मी विचारलं.

"आता येऊन काय करता? झालं समदं. तुमी परीक्षेचं बघा."

मी परत जाऊन बसलो. चाळिशीला टेकलेला माणूस मी. वर्गातली बाकीची पोरं विशी-बाविशीची, मला भाऊ म्हणायची. त्यांना फोन यायचे ते आईचे, जेवलास का विचारायला. माझ्या घरी मात्र माझ्या वाटणीचं काम दुसरंच कुणी ओढत होतं.

आमच्या गावात, राजुरीत, ख्रिस्ती घरं मोजकी. थोडी जमीन, टोमॅटोचा बाग, दोन गाया, आणि मी शाळेची गाडी चालवायचो. आमच्या लहानशा मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चला, पाळक महिन्यातून एकदा भेट द्यायचे. बाकीच्या रविवारी शास्त्रातला उतारा वाचून प्रार्थना मी चालवायचो. एकदा वारूळवाडीत एका घरी तरुण मुलगा गेला होता, तिथं प्रार्थनेला गेलो. मुलाची आई कुणाशीच बोलत नव्हती. प्रार्थना झाल्यावर मी उठायला लागलो तर ती म्हणाली, "बसा की जरा." मी बसलो. बोललो काहीच नाही. तिथून परत येताना मला आतून खात्री पटली की आपलं काम हेच. आमच्यात त्याला पाचारण म्हणतात, देवानं बोलावणं.

दुसऱ्या दिवशी बायकोला सांगितलं. ती टोमॅटोची झाडं सुतळीनं तारेला बांधत होती.

"मी सेमिनरीला जायचं म्हणतोय."

तिचे हात थांबले नाहीत. "किती वर्षं?"

"चार."

"बरं," ती म्हणाली आणि पुढच्या झाडाकडं गेली.

त्या 'बरं'ला मी होकार समजलो. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अभिमान वाटला. मंडळीनं निरोपाची प्रार्थना घेतली आणि मी पुण्याला गेलो.

तिथले दिवस चांगले होते, हे कबूल केलं पाहिजे. सकाळी चॅपलमध्ये प्रार्थना, मग तास, दुपारी ग्रंथालय. ताटात वाढलेलं जेवण मिळायचं. माझं अंग हलकं झालं, हातांचे घट्टे मऊ पडले. त्या मऊ हातांची मला लाज वाटायची. सुट्टीत घरी गेलो की मी जरा जास्तच कामाला लागायचो. एकदा बागेला पाणी सोडायला गेलो तर ठिबकचा व्हॉल्व्हच सापडेना. तिनं सगळी लाइन बदलून घेतली होती.

"पावणं, तुमी बसा सावलीला," ती हसून म्हणाली. "मी बघते."

गंमत म्हणूनच म्हणाली. सोबत आमची पोरगीही हसली. मला मात्र हसू आलं नाही.

एका सकाळी चॅपलमध्ये संकटात असलेल्यांसाठी प्रार्थना करायची पाळी माझी होती. मी दूरच्या कुठल्या कुठल्या देशांतल्या लढाईत सापडलेल्या लोकांसाठी कळकळीनं प्रार्थना केली. दुपारी पेपर उघडला तर आमच्याच शिवारात उसाच्या कडेला बिबट्या दिसल्याची बातमी होती. फोन लावला. तिनं तो दोन दिवसांपूर्वीच बघितला होता, गवत कापताना.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय व्हतं? तुमी तिकडं घाबरून बसला असता."

शेवटच्या वर्षाला कुटुंबासह सेमिनरीच्या क्वार्टरमध्ये राहायचा नियम होता. पाळकाच्या बायकोचंही शिक्षण व्हावं म्हणून. आबा माझ्या बहिणीकडं राहायला गेले, बाग शेजारच्या काकांना वाट्यानं दिली, आणि गाया विकायचं ठरलं. मंचरचा एक व्यापारी टेम्पो घेऊन आला. बायको त्याला समजावत होती, ही डाव्या बाजूनं धार काढू देत न्हाई, हिला भुस्सा ओला करून लागतो. तो हो हो म्हणत होता. टेम्पो वळल्यावर तिनं गोठा झाडून काढला. पुन्हा कुणी बांधायचं नव्हतं, तरी कानाकोपऱ्यातून झाडला. मी दावी गोळा करत उभा राहिलो. काहीतरी बोलायला हवं होतं, पण जे सुचलं ते सगळं उपदेशासारखं वाटलं म्हणून दावी खुंटीला अडकवली.

क्वार्टर दोन खोल्यांची, दुसऱ्या मजल्यावर. बायकांचा वर्ग रोज दुपारी असायचा. भगिनी मंडळाची सभा कशी घ्यायची, मुलांना शास्त्रातल्या गोष्टी कशा सांगायच्या, आल्या-गेल्याचं कसं करायचं. ती वेळेवर जायची, दिलेलं पाठ करायची. एके दिवशी घरी आली आणि भाजी निवडता निवडता म्हणाली, "आज बाईंनी एकेकीला उभं केलं. साक्ष द्या म्हणाल्या, परभूनं तुमाला कसं बोलावलं ती."

"मग?"

"मी म्हणलं, मला कुणी बोलावलं न्हाई. ह्यांना बोलावलं. मी आले."

"मग काय झालं?"

"सगळ्या हसल्या. बाई म्हणाल्या, हेही चांगलंय, बसा." तिनं मेथीची देठं कागदात गुंडाळली. "मी खोटं काय सांगू?"

त्याच आठवड्यात माझा सरावाचा उपदेश होता, वर्गापुढं. उतारा आधीच ठरलेला: देव एका म्हाताऱ्या माणसाला सांगतो, तुझा देश आणि तुझं घर सोड, मी दाखवीन त्या ठिकाणी जा. त्याच्या विश्वासावर मी छान तयारी केली होती. वाचता वाचता तो बायकोला बरोबर घेऊन निघाला इथपर्यंत आलो आणि थांबलो. तिला कुणी विचारलं होतं का, एवढंच डोक्यात आलं. कसाबसा शेवट केला. पोरांनी आवाज चांगला होता, मधे गडबडलात, असं सांगितलं. सगळे गेल्यावर शिकवणारे सर म्हणाले, "त्या वाक्याला का अडलात?"

मी बायकोचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "आता तरी विचारलंत का तिला?"

विचारलं नव्हतं. संध्याकाळी पोरगी खाली खेळायला गेल्यावर विचारलं. "तुला काय पाहिजे? खरं सांग."

"आता इचारता व्हय? गाया गेल्यावर?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"मला रान पाहिजे," ती म्हणाली. "तुमी करता ते लई चांगलं काम हाय, त्या वारूळवाडीच्या बाईला इचारा कुणी बी. पण मला सभा घेता येत न्हाई. मला बाग करता येतो."

पाळकपणाची दीक्षा झाल्यावर माझी नेमणूक नगरच्या पलीकडं एका मंडळीवर झाली. राजुरीच्या जवळ द्या अशी विनंती मी केली होती, ती मानली गेली नाही. बायको पोरीला घेऊन राजुरीला परतली, आबांना घरी आणलं, काकांकडून बाग परत घेतला. मी एकटा पाळकांच्या बंगल्यात राहायला लागलो. मंडळीतल्या बायका आळीपाळीनं डबा पाठवायच्या आणि प्रत्येक डबा उघडताना मला चोरट्यासारखं व्हायचं, इथल्यांपुढंही आणि तिथल्यांपुढंही. मंडळीचा कारभार बघणारे एक पंच स्पष्टच म्हणाले, "पाळकबाई नसल्यावर बायकांचं काम कोण बघणार?"

"तिचं काम तिकडं आहे," मी म्हणालो. त्यांना ते पटलं नाही. मलाही ते उत्तर पुरेसं वाटलं नाही, पण दुसरं खरं उत्तर नव्हतं.

कापणीच्या सणाला ती आली, आळेफाट्याहून एसटीनं, कांद्याची गोणी टपावर टाकून. उपासनेनंतर बायकांनी तिला गराडा घातला. कांद्याचं बी कुठलं, किती टिकतो, सगळं विचारून झालं. मग कुणीतरी म्हणालं, बाई, प्रार्थना करा. मी पुढं होणार होतो तिला सोडवायला. तेवढ्यात तिनं डोक्यावर पदर घेतला. रानासाठी, पावसासाठी, लेकरांसाठी मागितलं, आणि शेवटी म्हणाली, "आमच्या ह्यांच्या जिवाला जरा बरं वाटू दे, देवा. ते उगं झुरत्यात." बायकांनी आमेन म्हटलं.

दुपारच्या गाडीला मी तिला सोडायला गेलो. दुसऱ्या दिवशी तिच्या पाण्याची पाळी होती. "जेवत जा येळंवर," खिडकीतून म्हणाली. मी मान हलवली.

पाचारण खोटं होतं असं मला कधीच वाटलं नाही, आजही वाटत नाही. दर सोमवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, राजुरीला जातो, बागेत हात लावतो, संध्याकाळी पोरीचा अभ्यास घेतो. तरी दारात ती समोर आली की आधी माझी मान थोडी खाली जाते. तिला ते दिसतं. ती पायांवर घ्यायला पाणी आणून ठेवते.