चार आण्यांचं दार

नाना तोलार आमच्या गाण्याच्या मंडळाच्या प्रत्येक मैफलीला स्वतःचं तिकीट काढायचे, स्वतःच ते फाडायचे आणि गाणं संपेपर्यंत दारातच उभे राहायचे. आत बसायला त्यांना क्वचितच मिळालं असेल. पण चार आणे कधी चुकले नाहीत.

नाना मूळचे कोरेगावचे. सांगलीच्या बाजारात दिवसभर गुळाच्या ढेपा तोलायचे. लढाईच्या दिवसांत आम्ही सात जणांनी गाण्याचं मंडळ काढलं, त्याचा मी चिटणीस आणि ते खजिनदार. हॉल भाड्याचा, सतरंज्या उसन्या. तिकिटांचा गल्ला आला की नाना आधी गवयाची बिदागी बाजूला काढायचे, मग हॉलचं भाडं. उरलं तर आमचा चहा. बहुधा उरायचं नाही.

"फुकट ऐकल्यालं गाणं कानात ऱ्हात न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा फौजदार कुटुंबासह आले आणि सरळ आत निघाले. नाना आडवे झाले. "सायेब, बंदोबस्ताला आला असाल तर माझ्यासंगं हितंच हुबं ऱ्हावा. गाणं ऐकायचं आसंल तर मानशी चार आणे." मी घामाघूम. फौजदार हसले आणि त्यांनी पाच तिकिटं घेतली. मागून येणारा तबलजी म्हणाला, "नाना, मलाबी तिकीट काय?" "तुमचं मी काढलंय. व्हा आत!"

मग हळदीचे एक बडे व्यापारी पुढे आले. वर्षाचा सगळा खर्च ते करणार. तिकीट बंद, लोकांना गाणं फुकट. पुढचे कोच तेवढे त्यांच्या घरच्यांना. ऐकायला किती चांगलं! बैठकीत नाना उभे राहिले. "शेटजी, आज चार आणे देनारा मानूस गाणं पडलं तर माझी गचांडी धरतो. उद्या पैसं तुमचं. मग मी कुनाचं ऐकायचं?"

मतं तीन-तीन पडली. माझं राहिलं होतं. माझ्या धाकट्या भावाला शेटजींच्या पेढीवर नोकरी लागायची होती, हे तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं. मी शेटजींच्या बाजूनं हात वर केला.

नानांनी हॉलची किल्ली माझ्यापुढे ठेवली. "घ्या चिटणीस. आता ह्या दाराला राखणदार कशाला?"

वर्षभरानं आम्ही एका गायिकेला रविवारच्या मैफलीला बोलावलं. तिची आई तमाशात गात असे, हे कळल्यावर शेटजींच्या घरच्यांनी नाकं मुरडली. मैफल रद्द करा, असा निरोप आला. तिला आपल्या हिमतीवर बोलवायला मंडळाच्या गल्ल्यात एक रुपया नव्हता. नकाराचं पत्र मी लिहिलं. माझ्याच अक्षरात.

नानांना ते कळलं. त्यांनी मिरजेच्या एका तंबोरे करणाऱ्या दोस्ताचं दुकान मोकळं करून घेतलं आणि त्याच बाईंची मैफल त्याच रविवारी दुपारी ठरवली. सांगलीची माणसं गाडीनं मिरजेला गेली. मीही गेलो. दारात नाना.

मी रुपया पुढे केला. म्हटलं, "नाना, राहू द्या सगळा."

"का वं? बारा आण्यात मोकळं व्हायचंय व्हय?" त्यांनी मोजून बारा आणे माझ्या तळहातावर ठेवले. "तोलाराकडं जादा माप चालत न्हाई. जावा आत, तंबोरं लागल्यात."

पुढच्याच वर्षी शेटजींची हौस फिटली आणि आमचं मंडळ बुडालं. मिरजेचं ते दार नाना होते तोवर कुणाला बंद करता आलं नाही. शेटजींच्या पैशानं मी वर्षभर किती गाणी ऐकली. आज एकही आठवत नाही. त्या दुपारी भोपळ्यांच्या ढिगाला टेकून ऐकलेला मुलतानी मात्र स्वरान् स्वर कानात आहे.