बाहेरची वही

कुंदाकडे चित्रांच्या वह्या दोन होत्या, एक घरातली आणि एक बाहेरची. घरातल्या वहीत एकही चित्र पुरं नव्हतं.

अमरावतीच्या शाळेत ड्रॉइंगच्या मास्तरांनी सांगितलं होतं, रोज एक चित्र काढायचं. वाईट आलं तरी चालेल, खाडा नको. लग्न होऊन ती दिग्रसला आली तरी हा नेम तिनं सोडला नाही. पण कळशीला पोट येईपर्यंत दारात भाजीवाली हजर व्हायची, मांजराचे कान होतात न होतात तोच दूध वर यायचं. यातून काही उरलंच, तर सासूबाई, म्हणजे इंदूबाई, माजघरातून हाक मारायच्या. त्यांना एकटं बसवत नसे. कुंदाचा नवरा दीनानाथ कचेरीत कारकून होता. जेवताना तो हटकून विचारी, "आज मांजर कुठवर आलं?" त्या वहीला तो अर्धवटांची पंगत म्हणे. कुंदाही हसे.

महिन्यातले तीन दिवस मात्र तिचे होते. कावळा शिवला की मागच्या पडवीत बसायचं. चटई वेगळी, तांब्या वेगळा, ताट दुरून सरकवलेलं. त्या दिवसांत तिला कोणी शिवत नसे आणि, यातली मोठी गोष्ट म्हणजे, कोणी काम सांगत नसे. दुसरी वहीदेखील इंदूबाईंनीच आणवून दिली होती. कपडा धुता येतो, भांडं घासता येतं, कागदाचं काय करशील, असा त्यांचा रोकडा प्रश्न होता. म्हणून बाहेरची वही झाकणाच्या डब्यात, पडवीच्या कोनाड्यात राही; घरात येत नसे. आळीतल्या बायका त्या तीन दिवसांना वैतागत. कुंदा त्यांची वाट पाही, आणि ते चेहऱ्यावर दिसू देत नसे.

पडवीसमोर पऱ्हाट्यांचं, कापसाच्या वाळल्या काड्यांचं, कुंपण होतं. पलीकडे अब्दुल गनी पिंजाऱ्याचं अंगण. दिवाळीच्या सुमारास गावभरच्या गाद्या तिथं येऊन पडत. अब्दुल गनी धनुकलीनं कापूस पिंजायचा, त्याची बायको आयशाबी गाद्या भरायची. अठ्ठावन्न सालच्या आश्विनात कुंदानं ते चित्र सुरू केलं. आयशाबीनं आधीच बजावलं होतं, "चेहरा नको बरं का बाई. बाकी काढा." म्हणून आयशाबी पाठमोरी बसली होती, गुडघ्याखाली गादीचं टोक दाबून. धनुकली जमली, अब्दुल गनीचे हात जमले. अडलं ते उडणाऱ्या कापसापाशी. पांढऱ्या कागदावर पांढरा कापूस काढायचा कसा? चौथ्या दिवशी न्हाऊन ती आत गेली ती हाच विचार करत. पुढच्या महिन्यात पाहू, असं तिनं ठरवलं.

पुढच्या महिन्यात दिवस आला आणि नुसताच गेला.

लग्नाला चार वर्षं झाली होती. इंदूबाईंचे उपास चालू होते. कुठल्या देवाला काय बोललंय ते त्यांनाही धड आठवत नसेल. कुंदाला काय ते उमगलं. आनंद झाला, नाही असं नाही. पण मागोमाग तिला दिसला तो कोनाड्यातला डबा. हे आता सांगितलं की पडवी गेली. वर्षभर तरी गेलीच, आणि नंतर पोर आल्यावर कुठली पडवी? दोन दिवस ती गप्प राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी मागच्या दारात उभी राहून नेहमीच्या आवाजात म्हणाली, कावळा शिवला. इंदूबाईंनी उसासा टाकून चूल हातात घेतली.

मार्गशीर्षातही ती तशीच बसली; कापूस अजून जमला नव्हता. या खेपेला आयशाबी कुंपणाशी आली. अंगणातल्या दोरीकडे पाहत हळूच म्हणाली, "कुंदाबाई, तुमच्या दोरीवर काही दिसून नाही राह्यलं." कुंदानं त्याच दुपारी चार कोरी फडकी भिजवून वाळत घातली. आयशाबीनं ती पाहिली, आणि पुन्हा काही विचारलं नाही.

पौषात इंदूबाईंनी लसणाच्या फोडणीचं वरण वाढून आणलं. ताट सरकवलं, आणि तो वास कुंदाच्या नाकात गेला. तिनं आधी मांडीवरची वही लांब ठेवली, मग ओकली.

इंदूबाईंनी दोन्ही पाहिलं. मग पडवीत उतरल्या आणि त्यांनी तिचं कपाळ धरलं. त्या पडवीत कुंदाला आजवर कोणी हात लावला नव्हता.

"कितवा?"

"तिसरा लागला."

"मी तिकडे देवाचे उंबरे झिजवून राह्यली, अन् तू इथं खोटी बसली? काहून?"

कुंदानं तोंड पुसलं. सांगण्यासारखं तिच्याजवळ एकच होतं. "आत आलं की पुरं होत नाही."

इंदूबाईंनी चित्राकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. वही डब्यात घातली, डबा काखोटीला मारला आणि आंघोळ न करता सरळ स्वयंपाकघरात शिरल्या. दीनानाथ पानावर बसला होता. पडवीतला डबा घरात आणून आई तशीच पोळी वाढते आहे, हे पाहून त्याचा घास हातातच राहिला. आणि मग त्याला कळलं. घराला बातमी कळली ती अशी, कोणी न सांगता.

पुढे आठवडाभर इंदूबाई कामापुरतं बोलल्या. बोलायला लागल्या तरी डब्याचं नाव त्यांनी काढलं नाही, आणि विचारायची कुंदाची छाती झाली नाही. घरातल्या वहीत मात्र रोज काहीतरी होत राहिलं. अर्धा दिवा, अर्धं जातं, दीनानाथची एक चप्पल.

माहेरी आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. आषाढात मुलगी झाली. आयशाबीनं कुंपणावरून छोटी गादी दिली, चित्र सुरू झालं त्याच हंगामातला कापूस भरलेली. बाळंतिणीची खोली अंधारी होती, खाटेखाली शेगडी, ओव्याची धुरी. दहा दिवस सोयर. देवपूजा बंद, बाळंतिणीला शिवायचं नाही. तिचं सगळं एकट्या इंदूबाई करत.

तिसऱ्या दिवशी शेगडी ठेवून झाल्यावर त्यांनी पदराआडून डबा काढला आणि खाटेवर ठेवला.

"कापूस राह्यला होता तुझा," म्हणाल्या. खिडकीचं एक दार त्यांनी हातभर उघडलं.

कुंदानं पान काढलं. आयशाबी पाठमोरी बसलीच होती, अब्दुल गनीचा हात वर होता. एवढ्या महिन्यांनी तिला दिसलं, की कापूस काढायचाच नाही. मागचं कुंपण काळं करायचं, म्हणजे कापूस आपला आपण पांढरा राहील. तिनं पेन्सिल टेकवली, आणि मुलगी रडायला लागली.

कुंदानं सवयीनं पेन्सिल खाली ठेवली.

"तू काढ," इंदूबाई म्हणाल्या. त्यांनी मुलीला आयशाबीच्या गादीसकट उचलून मांडीवर घेतलं आणि मांडी हलवत बसल्या. मुलगी काही लगेच गप्प झाली नाही. कुंदा कुंपण काळं करत राहिली.